भाड्याचं घर, हक्काचा कागद : लेखांक ६ – नव्वद दिवस

गांधीबागेतला जुना भाडेकरू नोटीस आली म्हणून वकिलाकडे येत नाही. समन्स आलं तरी दोन-चार तारखा 'बघू' म्हणण्यात जातात. बेलीफ ताबा घ्यायला येतोय असं शेजारच्या दुकानातल्या मुनीमजींकडून कळलं, की मग तो पिशवीभर कागद घेऊन मोफत सल्ला केंद्राच्या पायऱ्या चढतो. तोवर त्याच्या बाजूच्या कायद्यातला बराचसा भाग मुदतीबाहेर गेलेला असतो. गेल्या आठवड्यात भाडेपावतीविषयी लिहिलं होतं. आज मुदतीविषयी.

हा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गांधीबाग म्हणजे नागपूरचा ठोक कापड बाजार, इतवारी आणि महालाला खेटलेला. खाली साड्यांचं दुकान, माळ्यावर गोडाऊन आणि मागच्या चौकात दोन-तीन बिऱ्हाडं, अशी रचना अजून कित्येक इमारतींत आहे. दुकानाच्या जागेला सोन्याचा भाव आणि मागच्या खोलीचं भाडं मात्र तीनशे रुपये. दोन पिढ्यांपूर्वी तोंडी ठरलेलं. भांडण या दोन आकड्यांमधल्या दरीतून निघतं. माणसं वाईट असतात असं नाही.

भाडेकरू इतका निवांत का राहतो, याचं कारण नागपूरच्या इतिहासात आहे. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि इथं भाड्याचा कायदा मुंबईचा नव्हता. 'सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९' हा हुकूम विदर्भात चालायचा. मुंबईत १९४७ चा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा आणि विदर्भात हा. महाराष्ट्र झाल्यावरही चाळीस वर्षं एका राज्यात तीन कायदे नांदले. विदर्भातल्या हुकुमाचं कलम १३ म्हणजे भाडेकरूचा कोटच. मालकाला आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागे आणि तीही ठरावीक कारणांसाठीच मिळे. ती मिळाली की नोटीस. नोटिशीनंतर दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा. परवानगीवर अपील, दाव्यावर अपील. वडिलांच्या नावानं सुरू झालेलं प्रकरण मुलाच्या केसांत पांढरं आल्यावर संपलं, असे किस्से नागपूरच्या बार रूममध्ये कुणीही सांगेल.

३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. परवानगीची पायरीही गेली. आता मालक थेट लघुवाद न्यायालयात दावा लावतो. पण पिढीजात भरवसा कायद्याबरोबर रद्द होत नाही. आमच्या टेबलासमोर बसलेल्या एका आजी ठामपणे म्हणाल्या, "मालकानं कंट्रोलरची परवानगी कुठं घेतली जी? मग तो कसा काय काढते मले?" त्यांच्या यजमानांनी १९८० च्या सुमारास याच मुद्द्यावर मालकाला परत पाठवलं होतं. तेव्हा ते बरोबरच होते. आजींना हे समजावून सांगायला जितका वेळ लागला, तितका त्यांचा जबाब लिहायलाही लागला नाही.

नवा कायदा भाडेकरूच्या विरोधात आहे असं मात्र नाही. जुन्या हुकुमात 'सवयीनं थकवणारा' हे घर रिकामं करायला लावण्याचं स्वतंत्र कारण होतं. नव्यात ते नाही. त्याऐवजी कलम १५ आहे आणि त्यात नव्वद दिवस दोनदा येतात. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस भाडेकरूला मिळाली, की पुढचे ९० दिवस मालकाला त्या कारणावरून दावाच लावता येत नाही. तेवढ्यात पैसे दिले तर विषय संपला. दिले नाहीत आणि दावा लागला, तर समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवस. या मुदतीत थकलेलं सगळं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही.

हिशेब करून बघू. भाडं तीनशे, थकलं दोन वर्षं. मुद्दल ७,२०० रुपये. व्याज प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर त्या-त्या महिन्यापासून, म्हणजे एकूण साधारण अकराशे. साडेआठ हजारांच्या आत, वर दाव्याचा खर्च, एवढ्यात घर वाचतं. ही रक्कम उसनी मिळत नाही असं सहसा होत नाही. ती भरायची असते हेच वेळेत कळत नाही. 'मालक भाडं घेतच नव्हता, मी काय करू?' हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही. भाडं नाकारलं तर ते मनीऑर्डरनं पाठवायचं आणि परत आलेली पावती जपायची. बँकेत टाकता आलं तर उत्तमच. कायदा 'द्यायला तयार होतो' याचा पुरावा मागतो आणि मनातली तयारी कोर्टात दाखल करता येत नाही.

आणखी एक खोड मोडायला हवी. रजिस्टर्ड नोटीस घ्यायचीच नाही, पोस्टमनला परत पाठवायची, ही गल्लीतली हुशारी. योग्य पत्त्यावर आलेला लखोटा 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेला, तर कोर्ट सहसा तो मिळाला असंच धरतं. नव्वद दिवस सुरू होतात आणि आत काय लिहिलंय हे एकट्या भाडेकरूलाच ठाऊक नसतं.

कोर्टात एकदा पैसे भरल्यावर पुढे दर महिन्याचं भाडंही दावा संपेपर्यंत नियमित भरत राहावं लागतं. आमच्याकडची प्रकरणं इथं पडतात. पहिला भरणा सगळं घर मिळून करतं. दहाव्या महिन्यात सून माहेरी, मुलगा सुरतेच्या फेरीवर, आणि चलन राहून जातं. म्हणून वकिलानं वादापेक्षा दर महिन्याला फोन करणं जास्त उपयोगाचं, असं माझं मत आहे. ते कुठल्याही लॉ कॉलेजात शिकवत नाहीत.

थकबाकी नसली तरी मालकाकडे दुसरे रस्ते आहेत. जागा त्याला स्वतःसाठी खरोखर हवी असेल तर कलम १६ खाली तो मागू शकतो. मग कोर्ट तुलना करतं: हुकूम दिला तर भाडेकरूला जास्त त्रास, की नाकारला तर मालकाला? दुसरी खोली शोधली होती, कुठं, किती भाडं सांगितलं, हे भाडेकरूनं दाखवलं नाही तर तुलना एकतर्फी होते. जागा सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय न वापरता ठेवली, तर तेही ताब्याचं कारण ठरतं. मुलाकडे पुण्याला गेलेल्या आजोबांच्या खोलीला कुलूप असतं आणि वीजबिलावर युनिट शून्याच्या आसपास. ते बिल मालकाचा वकील मागवून घेतो. उलट, तिथंच राहत होतो हे सिद्ध करायलाही तीच बिलं कामी येतात. या भागातल्या पिशवीत ती दोन तऱ्हेची निघतात, कारण २०११ ते २०१९ या काळात गांधीबाग, महाल आणि सिव्हिल लाइन्सची वीज महावितरणनं एसएनडीएल या फ्रँचायझीकडे दिली होती. नाव बदललं म्हणून ती वर्षं रद्दीत टाकू नका.

मे महिन्यात टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून भाडेकरूला हैराण करणारे मालकही भेटतात. त्यावर कलम २९ आहे: पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय तोडता येत नाही, आणि कोर्ट अंतरिम हुकूम देऊ शकतं. नागपूरच्या उन्हात हा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा.

मालकाविषयीही दोन शब्द. १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी वाजवी राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये मुंबईच्या मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात म्हटलं, ते बरोबरच होतं. नव्या कायद्यानं दिलेली वर्षाला ४ टक्के वाढ तीनशे रुपयांवर बारा रुपये होते. इमारतीला रंग लावायचा तर बाराशे वर्षांची वाढ लागेल, असं एक मालक वैतागून म्हणाले. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी मालकीणबाई खालच्या भाडेकरूपेक्षा हलाखीत असते, हेही इथं दुर्मीळ नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यामुळे मालकीण आणि भाडेकरीण दोघींनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो, अर्थात वेगवेगळा. (अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि ठरावीक उत्पन्नाखालचे पुरुषही पात्र आहेत. कार्यालय जिल्हा न्यायालयात, हेल्पलाइन १५१००.) न्यूयॉर्क शहरानं बेदखलीला तोंड देणाऱ्या गरीब भाडेकरूला वकील देण्याचा कायदा २०१७ मध्ये केला तेव्हा जगभर कौतुक झालं. आपल्याकडची तरतूद १९९५ पासून अमलात आहे. भाडेकरूलाच ती ठाऊक नाही.

अशा दोघींच्या प्रकरणात मी लोकअदालतीचा आग्रह धरते. तिथल्या तडजोडीवर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भाडेकरूची बाजू कच्ची असेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगायचं आणि दोन वर्षांची मुदत, थोडे पैसे पदरात पाडून घ्यायचे. मोफत वकिलानं खोटी आशा देणं हे फी घेऊन देण्यापेक्षा वाईट, कारण इथला माणूस दुसरा सल्ला घ्यायला जाणार नसतो.

राहिला पावसाळा. जूनच्या तोंडावर महापालिकेची जीर्ण इमारतींना नोटीस लागते. हल्ली कोर्टातल्या दाव्यापेक्षा भाडेकरू याच कागदाला जास्त घाबरतात, कारण कधीकधी मालकच अर्ज करून ती आणवतो. नोटीस आली म्हणजे लगेच बाहेर, असं नसतं. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची; सी-२ ए मध्ये काही भाग किंवा तात्पुरतं रिकामं करून दुरुस्ती; सी-२ बी आणि सी-३ मध्ये राहत असतानाच दुरुस्ती. तुमची इमारत कोणत्या वर्गात टाकली, ते गांधीबाग झोन कार्यालयात लेखी विचारा. मालकाचा आणि तुमचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल जुळत नसेल तर तांत्रिक समितीकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. आणि इमारत खरोखरच पडायला आली असेल तर भांडू नका, बाहेर पडा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये सांगितलं आहे; ते प्रकरण सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं पाडलेल्या इमारतीचंच होतं. फक्त खोली सोडण्याआधी पालिकेच्या अभियंत्याकडून तिचं मोजमाप करून घ्या आणि चटईक्षेत्र लिहिलेल्या भाडेकरू यादीत आपलं नाव आल्याची सही-शिक्क्याची प्रत मागा. नव्या बांधकामात बिल्डर किती चौरस फूट देणार, याची बोलणी त्या आकड्यावरून सुरू होतात.