राणीछाप आणि राजाछाप

साताऱ्याच्या आमच्या घरातली आजीची पितळी डबी गेल्या दिवाळीत उघडली, तेव्हा तीस बंदे रुपये निघाले. पंधरा व्हिक्टोरियाचे राणीछाप, पंधरा १९४२ सालचे राजाछाप. वजन सारखेच, एकेक तोळा. ‘पंधरा तुला, पंधरा मला’ म्हणत मी राणीछाप ठेवले, राजाछाप सांगलीच्या ताईला दिले.

पुढे सहज एका सराफाला विचारले. राणीछाप कसोटीवर घासून तो म्हणाला, “अस्सल आहेत. बेचाळीसचे असते, तर निम्मीच चांदी!”

मी चपापलो. राणीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, सरकारने ती निम्म्यावर आणली; १९४७ साली निकेलच आले. बाजारात मात्र तिन्हींचे आणे सोळाच!

चांदीचे तरी काय? पहिल्या महायुद्धापूर्वी पंधरा रुपयांना सोन्याची गिनी मिळे. आज त्याच पंधरा राणीछापांच्या चांदीत गिनी येत नाही; सोने चांदीला मागे टाकून केव्हाच पुढे गेले. रुपयाची खरी किंमत त्याच्यावर छापलेली नसते, हेच खरे.

दुसऱ्याच दिवशी सांगली गाठली. ताईला सारे सांगितले. ती हसली. “मी सराफाकडे कधीच जाऊन आले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कधी सांगतोस, ते पाहत होते.”

पुन्हा वाटणी झाली. राणीछाप आठ तिला, सात मला. एवढे व्याज द्यायलाच हवे होते!