लंडनहून पॅरिसला

मुलांनो, लंडनच्या विमानतळावर तुम्ही वेळापत्रक वाचत आहात असे समजा. त्यात लिहिले आहे : लंडनहून सकाळी १०.०० वाजता सुटणार, पॅरिसला दुपारी १२.२० ला पोहोचणार. खाली परतीची ओळ आहे : पॅरिसहून सकाळी १०.००, लंडनला सकाळी १०.२०. म्हणजे जायला दोन तास वीस मिनिटे आणि यायला फक्त वीस मिनिटे! अंतर तर तेवढेच. मग चूक कोणाची, छापणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

आधी अंतर पाहू. लंडन ही इंग्लंडची राजधानी, पॅरिस ही फ्रान्सची. मध्ये इंग्लिश खाडी आहे. सरळ रेषेत मोजले तर दोन्ही शहरांतील अंतर सुमारे ३४४ कि.मी. भरते. विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरून गणित करा. उत्तर सव्वीस मिनिटे येईल. पण वेळापत्रकात मात्र साधारण सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे धरलेली असतात. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मोजतात. धावपट्टीकडे जायचे, तेथे रांगेत थांबायचे, मग हळूहळू उंची गाठायची. एवढ्या थोड्या अंतरात पूर्ण वेग येतो न येतो तोच उतरायची तयारी सुरू होते.

लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने २५ जुलै १९०९ रोजी विमानातून ही खाडी प्रथम ओलांडली. कॅलेजवळून डोव्हरला जायला त्याला सुमारे ३७ मिनिटे लागली. दहाच वर्षांनी, १९१९ मध्ये, लंडन-पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू झाली. तेव्हा या प्रवासाला अडीच तासांच्या आसपास लागत. १९९४ पासून खाडीखालच्या बोगद्यातून रेल्वेही धावते. तिला सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. पण ती थेट शहरात नेऊन सोडते. विमानतळ गावाबाहेर असतात, हे धरले तर रेल्वे काही मागे पडत नाही.

आता त्या वेळापत्रकाकडे वळू. छापणाऱ्याची चूक नाही. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते आणि प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. जाताना तो एक तास वाढतो, येताना कमी होतो. खरा प्रवास दोन्ही वेळा एक तास वीस मिनिटांचाच.

खरे तर सूर्य या दोन शहरांत एवढा फरक करत नाही. पॅरिसला तो लंडनच्या जेमतेम नऊ-दहा मिनिटे आधी माथ्यावर येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी दोन्हीकडे प्रमाणवेळ एकच होती. जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि तेथील घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावली. युद्ध संपले, सैन्य गेले. पण फ्रान्सने ती वेळ तशीच ठेवली. आपण भारतात मुंबईहून कोलकात्याला गेलो तरी घड्याळाला हात लावत नाही, म्हणून हे आपल्याला नवल वाटते.

आता एक गणित तुम्ही सोडवा. ३१ डिसेंबरच्या रात्री ११.३० वाजता एक विमान पॅरिसहून निघाले. एक तास वीस मिनिटांनी ते लंडनला पोहोचले. त्यातील प्रवाशांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा किती वेळा देता येतील?