न दिसणाऱ्या उजेडातला आंबा

‘मी इन्फ्रारेड फोटो काढते,’ असं ऑफिसात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे ते रात्री अंधारात दिसतं तसं?’ नाही हो! याला उलट लागतं लख्ख ऊन आणि भरपूर हिरवी पानं.

खूळ शिरलं ते बाबांच्या जुन्या एसएलआरमुळे. साफ करताना लेन्सवर फोकसच्या खुणेशेजारी एक छोटीशी लाल खूण दिसली. ती कशासाठी, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. शोधाशोध केल्यावर कळलं, इन्फ्रारेड प्रकाश जरा वेगळ्या जागी फोकस होतो. म्हणून आधी नेहमीसारखं फोकस करायचं, मग आलेलं अंतर त्या लाल खुणेसमोर आणायचं.

आपल्या डोळ्यांची धाव साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंत. त्यापुढचा प्रकाश हिरवी पानं शोषत नाहीत, बराचसा परत पाठवतात. त्यामुळे फोटोत झाडं पांढरीशुभ्र दिसतात आणि निळं आकाश जवळजवळ काळं. याला म्हणतात ‘वूड इफेक्ट’. लाकडाशी काही संबंध नाही बरं का! १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाचं ते नाव.

पहिला रोल, पहिला पचका

उत्साहात ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घेतला आणि कॅमेऱ्यात भरली नेहमीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. ३६ फोटो काढले. लॅबमधल्या काकांनी निगेटिव्ह हातात दिली ती कोरी करकरीत. साध्या फिल्मला इन्फ्रारेड दिसत नाही आणि तिला दिसतो तो उजेड माझ्या फिल्टरनं अडवलेला!

या कामासाठी गाजलेली कोडॅकची एचआयई फिल्म २००७ मध्येच बंद झाली. मग इल्फर्डची एसएफएक्स २०० मागवली. ती साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकते. म्हणजे माझ्या हातात जेमतेम २० नॅनोमीटरची फट.

एव्हाना आमची कोथरूडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं होतं. गेटजवळचा आंबा नव्या प्लॅनमध्ये नव्हता. आजीनं कोयीपासून वाढवलेला. त्याचे साधे फोटो ढीगभर होते, पण मला हा एक हवा होता.

आजी, हलू नकोस हं!

ऑक्टोबरमधला रविवार, सकाळचे ११. सावलीत बसून फिल्म भरली, ट्रायपॉड लावला. हा फिल्टर इतका काळा, की लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसत नाही. आधी फ्रेम, मग फोकस आणि सगळ्यात शेवटी फिल्टर. लाइट मीटरला इन्फ्रारेड नीट कळत नाही, म्हणून एफ/१६ वर प्रत्येक फ्रेम तीनदा: पाव, अर्धा आणि एक सेकंद.

‘आजी, हलू नकोस हं!’

‘मी कुठे चाललेय?’ ती म्हणाली. आणि मग दोघीही गप्प झालो.

काही फ्रेम्समध्ये वाऱ्यानं पानांचा नुसता धूर केला. पण अर्ध्या सेकंदाची एक फ्रेम जमली. काळंभोर आकाश, त्यावर पांढराफेक आंबा. खाली आजी, तिच्या सुरकुत्या पुसट, चेहरा दुधाळ.

डिसेंबरात आंबा पाडला. मोहोर यायच्या आधीच.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये आजीला प्रिंट दाखवली. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिली. ‘याला मोहोर कधी आला गं?’

फिल्टर, नॅनोमीटर, सगळं सांगणार होते. नाही सांगितलं.

‘यंदा जरा लवकर आला, आजी.’