घरात ग्रंथांचे स्थान

लोणखेडा-शहादा परिसरातील अनेक कुटुंबांची नवी पिढी पुणे, नाशिक, सुरत येथे सदनिका घेत आहे. नकाशा पाहताना देवघर, तिजोरी आणि टीव्हीची भिंत आधी ठरते. आजोबांची धर्मपुस्तके मात्र खोक्यात बांधली जातात आणि कालांतराने रद्दीत जातात. ज्ञानाची याहून मोठी आशातना कोणती?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करूनच. आपली परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. विदर्भातील कारंजा येथील मंदिरांनी हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्याच गावाच्या नावाने निघालेल्या जैन ग्रंथमालेत महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली छापले गेले. पोथ्या जपल्या, म्हणून विद्वानांच्या हाती आल्या.

घराचे सुतारकाम सुरू होण्यापूर्वीच भिंतीतील ग्रंथकपाटाची जागा ठरवावी. एक फूट खोली पुरे. फळीला दर अडीच फुटांवर आधार हवा. नाहीतर ग्रंथांच्या भाराने ती वाकते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. ओलीने कसर लागते. पावसाळा सरल्यावर ग्रंथ काढून झटकावेत. कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी त्यासाठीच सोयीची.

दिवाळीत आपण जमाखर्चाची वही पूजतो. पाचच दिवसांनी ज्ञानाचे पूजन येते. वहीसाठी पेढीत गादी असते, तशी पोथीसाठी घरात फळी असावी.