गोष्टीला कलाटणी मिळते तेव्हा...

मुलांनो, आवडती मालिका अगदी रंगात आलेली असते, नायक संकटात सापडतो आणि नेमकी तेव्हाच 'क्रमशः' ही पाटी येते! अशा वेळी तुम्ही काय करता? कुणी उशी आपटतं, कुणी डोळे पुसतं, तर कुणी दुसऱ्या दिवशी शाळेत पैज लावतं, "बघ, पुढं असंच होणार!" गोष्टीनं अशी अचानक दिशा बदलली, की आपण म्हणतो, गोष्टीला कलाटणी मिळाली.

तुमच्या आईबाबांना 'शक्तिमान'बद्दल विचारून बघा. ही मालिका 1997 च्या सप्टेंबरमध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. आमच्या मंगरूळपीरला तेव्हा ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरं जमायची. चष्मेवाला, वेंधळा गंगाधर हाच शक्तिमान आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच्याच वर्तमानपत्रात काम करणाऱ्या गीता विश्वासला मात्र ते बरेच दिवस माहीतच नव्हतं! "अगं, तोच तो!" असं आम्ही पडद्याकडे बघून ओरडायचो. तिला कधी कळेल, याची वाट पाहण्यातच मजा होती.

आता दूरची एक गंमत ऐका. इंग्लंडमध्ये 'डॉक्टर हू' नावाची विज्ञानमालिका लागायची. तिच्यातले मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत बरी राहत नव्हती. नायकच गेला तर मालिका बंद! पण डॉक्टर परग्रहावरचा होता ना? मग त्याचं शरीर नवं का होऊ नये? 29 ऑक्टोबर 1966 च्या भागात म्हातारे डॉक्टर खाली कोसळले आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या जागी नवा चेहरा आला, पॅट्रिक ट्रॉटन यांचा. या एका युक्तीमुळे ती मालिका पुढे कितीतरी वर्षं चालली.

अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या मालिकेत तर 18 जून 1990 ला कॅप्टन पिकार्डलाच शत्रूनं अर्धं यंत्र बनवलं. त्याच्याच यानातल्या सोबत्यांनी त्याच्यावर हल्ल्याचा हुकूम दिला आणि भाग संपला! पुढचा भाग आला थेट 24 सप्टेंबरला. तीन महिने प्रेक्षक तर्क लढवत बसले.

तर्क लढवा, पण कारणासकट. चांगल्या कलाटणीची खूण लेखकानं आधीच कुठंतरी पेरून ठेवलेली असते. मागं वळून बघितलं की आपण म्हणतो, "अरे, हे आपल्याला दिसायला हवं होतं!" खूण सापडलीच नाही, तर लेखकानं आपल्याला फसवलं असं समजा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. शक्तिमानची नक्कल करताना काही मुलांना इजा झाल्याच्या बातम्या त्या काळी छापून आल्या होत्या. 'असं करू नका,' हे शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावरून सांगावं लागलं. गोष्टीतला नायक शेवटच्या क्षणी वाचतो, कारण लेखकानं तसं लिहिलेलं असतं. गच्चीवरून उडी मारणाऱ्या मुलासाठी तसं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

पालकांनो, मालिका बघताना मुलांजवळ बसा आणि विचारा, "पुढं काय होईल? कशावरून?"

आणि मुलांनो, या आठवड्यात एक करा. 'क्रमशः' आलं की वहीत आपला अंदाज लिहा, त्याखाली कारण लिहा. पुढचा भाग बघून ताळा करा. अंदाज चुकला तरी चालेल, कारण सुचलं पाहिजे. शास्त्रज्ञही असंच करतात. आणि हो, ज्यानं भाग बघितला नाही, त्याला शेवट सांगून टाकू नका हं!