मुक्त सॉफ्टवेअर कुणाच्या खांद्यावर?

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. त्या काळापासून माळवा-निमाडात मराठी घरं आहेत. धार जिल्ह्यातल्या मनावरसारख्या तालुक्याच्या गावी आज शाळा आणि बाजार हिंदीत चालतो. मराठी उरते ती घरात, आणि आता मोबाईलवर. तिथल्या एखाद्या आजीने नातवाला ‘श्रीकृष्णाष्टमीला ये’ असा निरोप टाइप केला, की सगळी जोडाक्षरं नीट जुळून पडद्यावर उमटतात. ही जुळणी करणारं हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि पुढे द्यावा.

असं सॉफ्टवेअर आज बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे पायाला आहे. पण ते सांभाळणारी माणसं कोण, ती का येतात आणि का सोडून जातात, याबद्दल शिकल्यासवरल्या लोकांतही गैरसमज आहेत. त्यांची किंमत खरीखुरी माणसं मोजतात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सगळं हौशी लोकांचं फुकटचं काम.

वस्तुस्थिती : लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स ही संगणकप्रणाली हौसेनेच सुरू केली. पण लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार लिनक्सच्या गाभ्यात बिनपगारी लोकांच्या कामाचा वाटा दहा टक्क्यांहून कमी होता. बाकीचं बहुतेक काम कंपन्यांच्या पगारी अभियंत्यांचं. मराठीपुरतं पाहिलं तरी हेच दिसतं. लोहित हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅट कंपनीने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. यशोमुद्रा हा फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेमुळे मिळाला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता फॉन्ट आज असंख्य संकेतस्थळांवर दिसतो. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीवर उभा राहिला आणि त्याचे धडे मराठीतही आहेत.

म्हणजे पगारी आणि बिनपगारी असे दोन्ही हात इथे लागतात. अडचण अशी की पगार मोठ्या, नावाजलेल्या प्रकल्पांकडे जातो. ते मोठे प्रकल्प ज्या शेकडो छोट्या तुकड्यांवर उभे असतात, ते तुकडे बहुधा एकदोन माणसं रात्री जेवणं आटोपल्यावर सांभाळत असतात. आणि पगारही कायमचा नसतो. कंपनीचं प्राधान्य बदललं की तेच काम पुन्हा स्वयंसेवकांच्या अंगावर येतं.

गैरसमज २ : एवढे लोक वापरतात, म्हणजे सांभाळणारेही भरपूर असणार.

वस्तुस्थिती : वापरणाऱ्यांची संख्या आणि सांभाळणाऱ्यांची संख्या यांचा एकमेकींशी संबंध नसतो. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या वापरत होत्या. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड सापडलं आणि सुमारे पाच लाख सर्व्हर धोक्यात आले. तेव्हा लोकांना कळलं की या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळतात आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे.

हा एकच अपवाद नव्हता. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे १३३ लोकप्रिय प्रकल्प तपासले. त्यांपैकी ६५ टक्के प्रकल्प असे निघाले की एक किंवा दोन माणसं बाजूला झाली तर काम अडेल. त्या एकदोघांच्या घरी आजारपण आलं, नोकरी बदलली, मूल झालं, तर पुढे काय, याचं उत्तर त्या प्रकल्पांकडे नव्हतं.

गैरसमज ३ : नवे लोक गोळा केले की प्रश्न सुटला, आपल्याकडे तर इंजिनिअरांची वाण नाही.

वस्तुस्थिती : गिटहबवर खाती असलेल्या विकासकांच्या संख्येत भारत जगात पहिल्या दोन देशांत आहे. तरीही तुटवडा आहे, कारण तो येणाऱ्यांचा नाही, टिकणाऱ्यांचा आहे. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात मुक्त प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये टी-शर्टसाठी जगभरातून निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी माहितीपानावर एक शब्द वाढवला, कुणी स्वल्पविराम हलवला. ते सगळं वाचून नाकारण्यात सांभाळणाऱ्यांचे दिवस गेले. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पाची संमती आहे, त्याच्याकडेच बदल पाठवायचे.

यातला धडा महत्त्वाचा आहे. पाठवलेला प्रत्येक बदल कुणाला तरी वाचावा लागतो, चालवून पाहावा लागतो आणि पुढची कित्येक वर्षं सांभाळावा लागतो. नव्या माणसाला शिकवायलाही वेळ लागतो, आणि तो आधीच थकलेल्या सांभाळणाऱ्याच्या वेळातून जातो. गणपतीच्या मंडळात मिरवणुकीला शंभर जण येतात आणि मांडव उतरवायला चौघे उरतात, तसंच हे आहे. मंडळ टिकतं ते त्या चौघांचे आठ झाले तर. म्हणून प्रकल्पाने यंदा किती नवे आले यापेक्षा गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण अजून आहेत, हे मोजावं.

गैरसमज ४ : लोक सोडून जातात, कारण त्यांची निष्ठा कमी पडते.

वस्तुस्थिती : बहुतेकांचं आयुष्य पुढे सरकतं. कॉलेजातल्या मुलाकडे संध्याकाळ मोकळी असते. नोकरी लागल्यावर ती उरत नाही. हे स्वाभाविक आहे आणि त्यात कुणाचाही दोष नाही. पण बरेच जण टाळता येण्याजोग्या कारणांनी जातात. पहिलाच बदल कष्टाने तयार करून पाठवला आणि महिनोन्‌महिने कुणी उत्तरच दिलं नाही, तर दुसरा बदल येत नाही. तुसडं उत्तर आलं तरी येत नाही. काम कुठून सुरू करायचं हे कुठेही लिहिलेलं नसेल, तर माणूस दारातूनच परत फिरतो.

जुन्या माणसांचं जाणं मात्र वेगळं असतं. ती थकून जातात, आणि हा थकवा किती महाग पडू शकतो हे एक्सझेड प्रकरणाने दाखवलं. फाइली आक्रसून लहान करणारं एक्सझेड हे साधन लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत असतं. लासे कॉलिन हा फिनलंडचा विकासक ते वर्षानुवर्षं जवळपास एकटा सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली : काम मंद आहे, प्रकल्प मेला आहे, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. कॉलिनने मोकळेपणाने सांगितलं की मानसिक आरोग्याच्या दीर्घ त्रासामुळे त्याची शक्ती कमी पडते आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात घ्यावं. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी चिकाटीने मदत करत होतं. हळूहळू विश्वास बसला आणि त्याला अधिकार मिळाले. २०२४ च्या सुरुवातीला त्याच नावाने त्या साधनात चोरदरवाजा बसवला गेला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. त्याने मूळ शोधलं आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केलं, म्हणून जग थोडक्यात वाचलं.

चोरदरवाजा बसवणाऱ्याने आधी कोड फोडला नव्हता. त्याने एका थकलेल्या माणसाचा एकटेपणा हेरला होता. म्हणून स्वयंसेवकांची काळजी घेणं हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

गैरसमज ५ : सॉफ्टवेअर वापरतो म्हणजे आपण ग्राहक, चूक दुरुस्त करून मागणं हा आपला हक्क.

वस्तुस्थिती : मुक्त सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या परवान्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. चूक दिसली तर ती जरूर कळवावी. नेमकी कळवलेली चूक ही मोठी मदत असते. कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहिलं की सांभाळणाऱ्याचे तास वाचतात. पण ‘अजून का झालं नाही?’ हा स्वर विकत घेतलेल्या वस्तूबद्दल शोभतो. ज्याने आपल्याकडून एक पैसा घेतला नाही, त्याच्याशी सहकाऱ्यासारखं बोलावं.

गैरसमज ६ : पैसे दिले की सगळं सुरळीत होईल.

वस्तुस्थिती : पैसा लागतोच, आणि आज मिळतो त्यापेक्षा खूप जास्त लागतो. भारतात झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला. मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलर बाजूला ठेवण्याचा तो संकल्प आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर मुक्त ठेवूनही व्यवसाय उभा करता येतो हे दाखवलं.

तरी पैसा कुणाला आणि कसा द्यायचा, हा नाजूक प्रश्न आहे. डेबियन या लिनक्सवर आधारित, स्वयंसेवकांच्या प्रकल्पात २००६ मध्ये नवी आवृत्ती वेळेवर यावी म्हणून दोन व्यवस्थापकांना मानधन द्यायचं ठरलं. दोघांनाच का, यावरून वाद पेटला आणि काही स्वयंसेवकांनी नाराजीने काम कमी केलं. डिसेंबरात यायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. पैशाने वेळ विकत घेता येतो. आपलेपणा टिकवायचा तर निर्णय उघडपणे, सगळ्यांना विचारून घ्यावे लागतात.

गैरसमज ७ : ज्याने सुरू केलं, त्यानेच शेवटपर्यंत चालवावं.

वस्तुस्थिती : टिकलेल्या प्रकल्पांनी सूत्रं सोपवण्याची कला साधली आहे. पायथन भाषेचा जनक गिडो व्हॅन रोसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाला. २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची समिती ते काम बघते. विम या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा कर्ता ब्रॅम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये वारला. पण काम जाणणारे सहकारी होते, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुढची आवृत्ती निघाली आणि ती त्यालाच अर्पण केली गेली. चाव्या दोघांतिघांकडे असणं, कामाच्या पद्धती लिहून ठेवलेल्या असणं आणि बाजूला होणाऱ्याला अपराधी न वाटू देणं, या तीन गोष्टी प्रत्येक प्रकल्पाला पहिल्या वर्षापासून करता येतात.

गैरसमज ८ : कोड लिहिता येत नाही, मग आपला काय उपयोग?

वस्तुस्थिती : मराठीसाठी तर हा गैरसमज सर्वांत घातक आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात २००८ मध्ये आलं. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती ठरवून दिली आहेत. हे अक्षर आणि ही वळणं फॉन्टमध्ये बरोबर उमटतात का, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ यांतला र नीट दिसतो का, एखाद्या बटणावरचं भाषांतर बोलीला धरून आहे की कोशातून उचललेलं आहे, हे मराठी माणसालाच कळतं. परदेशातला निष्णात प्रोग्रॅमरही ते ओळखू शकत नाही.

इथे मनावर, धार, देवास, इंदूरच्या मराठी घरांकडे एक खास बळ आहे. ही माणसं रोज दोन भाषांत जगतात. हिंदी वळणाचं मराठी कुठे शिरलं आहे, हे त्यांना चटकन जाणवतं. फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसचं मराठी भाषांतर तपासायला, १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर माळव्यातल्या मराठी इतिहासाचे लेख सुधारायला, ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर आपल्या गावाचं, नदीचं, देवळाचं नाव मराठीत नोंदवायला पुण्या-मुंबईत असावं लागत नाही.

फक्त सुरुवात करताना स्वतःला झेपेल एवढंच काम घ्यावं. आठवड्याला एक तास, पण वर्षभर, हे एका रात्रीच्या उत्साहापेक्षा प्रकल्पाला जास्त उपयोगी पडतं. जमेनासं झालं तर गुपचूप नाहीसं न होता तसं सांगावं आणि अर्धं काम कुठपर्यंत आलं आहे ते लिहून ठेवावं. आणि जे आधीपासून आहेत, त्यांनी नव्या माणसाच्या पहिल्या बदलाला लवकर उत्तर द्यावं, चूक असेल तर समजावून सांगावी आणि झालेल्या कामावर त्याचं नाव घालावं. स्वयंसेवक टिकवणं म्हणजे बहुतांशी एवढंच आहे, आणि ते कुठल्याही निधीची वाट न पाहता आजपासून करता येतं.