वेग आणि व्होल्टेज

संगणक घेताना ज्या वेगाचे पैसे मोजले, त्याहून अधिक वेग त्याच यंत्रातून फुकट मिळत असेल, तर तो का घेऊ नये? तरुण मंडळी हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो वावगा नाही. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. त्याचा जाहीर वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. परंतु मदरबोर्डाचा ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करताच त्यांपैकी पुष्कळसे ४५० मेगाहर्ट्झवर खुशाल चालत. वेग असा वाढविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यातील व्होल्टेज या एकाच अंगाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण वेगाच्या बाबतीत चूक झाली तर यंत्र अडते व बहुधा पुन्हा सुरू होते. व्होल्टेजच्या बाबतीत चूक झाली तर गेलेले आयुष्य परत मिळत नाही.

प्रथम या दोहोंचा संबंध पाहू. प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर नावाचे अब्जावधी सूक्ष्म खटके असतात. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या दरम्यान खटक्याने आपल्या पुढची घागर विजेने भरली पाहिजे किंवा रिकामी केली पाहिजे, असे समजा. ठोके जलद केले की वेळ कमी पडतो, आणि अर्धवट भरलेली घागर भरलेली मानावी की रिकामी, याचा पुढच्या खटक्याला भरवसा राहत नाही. तेथेच हिशेब चुकतो. नळाचा दाब वाढविला तर घागर लवकर भरते. व्होल्टेज हा तोच दाब होय. म्हणजे व्होल्टेज स्वतः वेग देत नाही. घेतलेला वेग निभावून नेण्यापुरताच त्याचा उपयोग.

पण या मदतीची किंमत जबर आहे. खटक्यांच्या उघडझापीत निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० केले, तर वेग वाढला १० टक्के आणि उष्णता वाढली सुमारे २९ टक्के! शिवाय तापलेल्या खटक्यांतून वीज अधिक झिरपते, ती निराळीच.

दुसरी किंमत डोळ्यांना दिसत नाही. अधिक दाब व अधिक उष्णता यांमुळे खटक्यांतील विद्युत्‌रोधक पापुद्रा जलद जीर्ण होतो, आणि आतील सूक्ष्म तारांतील धातूचे कण विजेच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकू लागतात. असा झिजलेला प्रोसेसर पूर्वीच्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज मागतो. ते दिले की झीज आणखी वाढते. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्याचाच हा प्रकार.

ही नुसती भीती नव्हे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अनेक प्रोसेसरांवर खेळ बंद पडू लागले, दाबून साठविलेल्या फायली उघडताना चुका होऊ लागल्या. प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे तो गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता, असे कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले. ऑगस्टमध्ये ही मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देणारी दुरुस्ती आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली गेली. पण आधीच झिजलेले प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरे होणारे नव्हते. निर्मात्याच्या हातून जे घडले, ते आपल्या हातून अधिक सहज घडेल.

मग सावधपणे जावे कसे? महत्त्वाच्या फायलींची प्रत प्रथम दुसरीकडे ठेवावी. मूळचे सर्व आकडे कागदावर टिपावेत. पंख्यांवरची धूळ काढावी. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नये; कारण वेग वाढविताच पुष्कळ मदरबोर्ड आपणहून गरजेपेक्षा अधिक दाब देतात. व्होल्टेज मूळचेच कायम ठेवून वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवावा आणि पाहावे. चूक आली तरच ०.०१ ते ०.०२ व्होल्ट चढवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वरची मर्यादा त्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकावरून आधीच ठरवावी. शेजाऱ्याच्या प्रोसेसरचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

‘प्राइम९५’सारख्या कसोटीवर यंत्र काही तास चालवून तापमान व प्रत्यक्ष व्होल्टेज पाहावे. काम वाढले की व्होल्टेज थोडे उतरते, आणि ते स्वाभाविक आहे. ही उतरण मदरबोर्डाच्या मांडणीतून पुरती बुजवू गेल्यास, काम एकाएकी थांबताच दाब उसळून वर जातो. आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. जानेवारीत उत्तीर्ण झालेले यंत्र मे महिन्यात नापास होऊ शकते. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच अधिक तापतो. यंत्र सुरूच झाले नाही, तर वीज काढून मदरबोर्डावरील गोल बॅटरी काही मिनिटे बाजूला ठेवावी. सर्वसाधारणपणे मूळ मांडणी परत येते.

बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा, न थांबता चुकीचे उत्तर देणारे यंत्र अधिक घातक असते. दुकानाचा हिशेब वा मुलीचा प्रबंध ज्या संगणकावर आहे, तेथे दहा टक्के वेगासाठी ही जोखीम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रयोगाची हौस असेल तर उलट दिशेने करून पाहावा. वेग तोच ठेवून व्होल्टेज ०.०१ ने उतरवीत जावे. चूक दिसताच दोन पायऱ्या मागे येऊन थांबावे. कसोटी तीच आणि तितकीच कसून घ्यावी. यंत्र थंड राहते, पंख्याचा आवाज कमी होतो, विजेचा खर्च उतरतो आणि यंत्राचे आयुष्य वाढण्यास मदत होते. दाब किती वाढविता आला यापेक्षा किती कमी दाबात काम भागले, यातच खरे कौशल्य आहे.